दुबई की अबुधाबी? सासूबाईंच्या नथीपासून सुरू झालेला हिशोब



मागच्या वेळी पिठाची मर्यादा कोणत्या ऋतूत किती दिवस धरायची यावर लिहिलं होतं. आजचा विषयही मर्यादेचाच आहे, पण पिठाच्या नाही, प्रवासाच्या.

झालं असं, की आमच्या धाकट्याला आखातात नोकरीची दोन बोलावणी एकदम आली. एक दुबईचं, एक अबुधाबीचं. पगारात थोडाफार फरक. उत्तर द्यायला पंधरा दिवसांची मुदत. त्याचा पुण्याहून फोन आला, "आई, तू सांग." मी म्हटलं, "अरे, मला काय कळतंय त्या वाळवंटातलं?" तर म्हणाला, "तीस वर्षं दुकानाची कीर्द-खतावणी तू लिहिलीस. हिशोब तुलाच कळतो."

आता माझी अडचण सांगते. काही वर्षांपूर्वी कुंथलगिरीला मी दिग्व्रत घेतलं. कुंथलगिरी आपल्याच जिल्ह्यातलं सिद्धक्षेत्र, कुलभूषण-देशभूषण मुनींचं. आचार्य शांतिसागर महाराजांची समाधीही तिथलीच, १९५५ सालची. रत्नकरंड श्रावकाचारात जी तीन गुणव्रतं सांगितली आहेत, त्यातलं पहिलं दिग्व्रत. दहाही दिशांना आपली सीमा ठरवायची आणि आयुष्यभर तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. मी ठरवलं, पूर्वेला शिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर. तेव्हा वाटलं होतं, एवढ्याच्या पलीकडे आपल्याला जायचंय तरी कुठे? आता मुलगा समुद्रापार निघाला. तो दुबईला गेला काय आणि अबुधाबीला गेला काय, मी त्याचं घर बघायला जाणार नाही. म्हणजे माझ्या सोयीचा प्रश्नच उरला नाही. सल्ला द्यायचा तो फक्त त्यांच्यासाठी.

बी.कॉम.ला असताना एक गोष्ट मनावर ठसली होती. कुणाशी नवं खातं उघडायचं तर आधी त्याच्या मागच्या वह्या बघाव्या. म्हणून मी या दोन गावांच्या मागच्या वह्या बघायला घेतल्या.

अबुधाबी हे मुळात समुद्रातलं बेट. बनी यास नावाच्या टोळीचे लोक लिवा नावाच्या खजुरांच्या हिरवळीतले. हरणाच्या मागावर गेलेल्या शिकाऱ्यांना त्या बेटावर गोडं पाणी सापडलं अशी कथा आहे आणि साल सांगतात १७६१. अबुधाबी या नावातही हरीण आहे. पाणी मिळालं तिथे वस्ती झाली. आपल्याकडे विहीर लागली की वस्ती होते, तसंच.

आणि दुबई? ऐकून नवल वाटेल, दुबईचं आजचं राजघराणं अबुधाबीतूनच निघून आलेलं आहे. १८३३ साली अबुधाबीच्या शेखाचा त्याच्या भावाने खून केला. त्या कटकटीला कंटाळून बनी यासांपैकीच अल बू फलासा शाखेचे सुमारे आठशे लोक बायकापोरांसह उठले आणि दुबईच्या खाडीवर येऊन राहिले. म्हणजे 'अबुधाबी की दुबई' हा प्रश्न आमच्या मुलाच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं त्यांना पडला होता. दोन्ही गावांत अंतर किती, तर एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. आपण धाराशिवहून सोलापूरला जाऊन परत यावं एवढं.

दोन्ही गावं जगत होती मोत्यांवर. हे वाचलं आणि मी कपाट उघडून सासूबाईंची नथ काढली. आमच्या घरात तिला 'बसऱ्याच्या मोत्यांची नथ' म्हणतात. बसरा हे नाव, पण मोती साऱ्या आखाताचे. तिथून ते मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून सराफांकडे. ती नथ मी लग्नात घातली, थोरल्या सुनेने घातली, धाकटीनेही घातली. ते मोती कसे काढत, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रात असत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जात. दिवसभर तेच. शिंपल्यांच्या राशी फोडायच्या, तेव्हा एखाद्यात मोती. आत जीव असतो मैत्रिणींनो, पंचाणुव्रतं घेतलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको. आणि माणसांचं काय? पाणबुड्याला हंगामाआधी उचल मिळे. होडीचा कप्तान, म्हणजे नाखुदा, वहीत ती नावे टाकी. हंगाम संपला तरी बाकी फिटत नसे. बाप गेला की ती बाकी मुलाच्या नावावर चढे. आमच्या आडत दुकानातही उचल देत. दिवाळीला एकेकाची बाकी पुढे ओढताना माझा हात अडखळायचा, ते सगळं आठवलं.

दोन्ही गावं एकाच धंद्यावर होती, तर दुबई पुढे कशी गेली? जकातीमुळे. समोरच्या इराणच्या किनाऱ्यावर लिंगा नावाचं मोठं बंदर होतं. १९०० नंतर तिथे जकात वाढली. त्याच सुमारास दुबईच्या शेखाने आपल्या बंदरातला कर काढून टाकला. लिंग्याचे व्यापारी हळूहळू खाडीच्या काठी आले. घरात वारा खेळावा म्हणून ते उंच मनोरे बांधत, तशी घरं जुन्या बस्तकिया भागात अजून जपलेली आहेत. गावाकडे द्यायला जमीन नव्हती, पाणी नव्हतं. दोन टक्के कमी घेऊन गिऱ्हाईक जोडणारा दुकानदार असतो ना, तसं ते गाव वागलं.

मग मोत्यांचाच धंदा बसला. १९२० नंतर जपानचे पैदास केलेले मोती बाजारात आले आणि १९२९ ची जागतिक मंदी आली. दोन्ही गावांवर हलाखीचे दिवस आले. अबुधाबीचे कितीतरी लोक पोटासाठी दुसरीकडे गेले.

यात आपल्या रुपयाचीही एक गोष्ट आहे. तेव्हा त्या सगळ्या किनाऱ्यावर आपला रुपया चालत होता. सोन्याची चोरटी आयात थांबवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ ला आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला, आणि त्या लोकांनी रुपया सोडला. दुबईने कतारबरोबर रियाल काढला, अबुधाबीने बहारीनचा दिनार घेतला. १९७१ मध्ये एक देश होऊनही १९७३ मध्ये दिरहम येईपर्यंत सोलापूर-धाराशिवच्या दुप्पट अंतरावरच्या दोन गावांत दोन वेगळी नाणी होती!

अबुधाबीच्या समुद्रात १९५८ ला तेल लागलं आणि १९६२ पासून ते बाहेर जाऊ लागलं. दुबईने तेलाची वाट पाहिली नाही. खाडी गाळाने भरत होती, तर शेख रशीद यांनी १९५९ च्या सुमारास कुवेतकडून कर्ज घेऊन ती उपसली. मोठी जहाजं आत येऊ लागली. दुबईला तेल सापडलं ते १९६६ ला, आणि तेही बेताचंच.

माझ्या वहीत मी दोन रकाने पाडले. दुबई उलाढालीवर जगते, कर्ज काढते, धंदा वाढवते. अबुधाबी ठेवीवर जगते. तेलाचा पैसा बाहेर गुंतवण्यासाठी त्यांनी १९७६ मध्ये वेगळी संस्थाच काढली. २००९ मध्ये दुबईच्या सरकारी कंपनीला कर्जाची फेड पुढे ढकलण्याची विनंती करावी लागली, तेव्हा दहा अब्ज डॉलर दिले ते अबुधाबीने. जानेवारी २०१० मध्ये जगातला सगळ्यात उंच मनोरा उघडला, तेव्हा 'बुर्ज दुबई' हे त्याचं नाव बदलून अबुधाबीच्या शेखांच्या नावावरून 'बुर्ज खलिफा' झालं. घरातून भांडून वेगळ्या झालेल्या भावाला अडीअडचणीला थोरल्याच्याच दारात जावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, धाराशिवच्या बाईला या व्यापाराचं काय एवढं? तर आपल्यापासून वीसेक किलोमीटरवरचं तेर आठवा. गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने पेरिप्लस नावाचं पुस्तक लिहिलं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचला जाते, असं त्यात आहे. ते तगर म्हणजे आपलं तेर. त्याच पुस्तकात आखातातून भडोचला मोती येत असल्याचंही लिहिलंय. म्हणजे तेरचं कापड आणि आखाताचे मोती एकाच बंदरात उतरत होते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे. तशीच एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. एवढं मोठं गाव, आणि आज बसमधून उतरलं तर पांढरीच्या टेकाडांवरून शेळ्या चरताना दिसतात. व्यापार दुसऱ्या वाटेने गेला की गाव मागे राहतं. लिंग्याचं तेच झालं, तेरचं तेच झालं. दुबईला हे पक्कं ठाऊक असावं, म्हणून ती थांबत नाही.

आणि पाणी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्या दोन्ही गावांत पिण्याचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी गोडं केलेलं. अबुधाबीने एक काम केलं ते मला फार आवडलं. असं गोडं केलेलं पाणी लिव्याच्या वाळूखाली, जमिनीच्या पोटात साठवून ठेवलं. २०१८ मध्ये ते पूर्ण झालं. दहा लाख माणसांना माणशी १८० लिटरप्रमाणे नव्वद दिवस पुरेल एवढा तो साठा आहे. ज्या लिव्यातून त्यांचे पूर्वज पाणी शोधत निघाले, तिथेच त्यांनी पाणी नेऊन ठेवलं.

हे सगळं मी मुलाला सांगितलं आणि म्हटलं, "बाळा, माझ्या हिशोबाने अबुधाबी. कर्जावर उभ्या राहिलेल्या गावात पगारदाराने जपून राहावं." तो काही बोलला नाही. सूनबाई फोनवर आली. ती औषधांच्या कंपनीत आहे. म्हणाली, "आई, तुमचा हिशोब बरोबर आहे. पण अबुधाबीत पगार एकट्या ह्यांचा. दुबईत मलाही काम मिळण्यासारखं आहे. तिथे गेल्यावर मी घरीच बसू का?"

माझ्या दोन रकान्यांत तिचं नाव कुठेच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. मीही बी.कॉम. झाले, दुकानाच्या वह्या लिहिल्या, पण पगार म्हणून कधी काही घेतलं नाही. तेव्हा तसं वाटलंही नाही. तिला तसं वाटू नये, असं म्हणायचा मला काय अधिकार? मी म्हटलं, "मग दुबई. फक्त कर्ज काढून घर-गाडी घ्यायची नाही, आणि सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवायचा." तिने कबूल केलं. हिवाळ्यात तिथे साडेपाचलाच सूर्य मावळतो, रात्रिभोजनत्याग कसा सांभाळायचा हेही बोललो. ऑफिसात दुपारी चारला डबा खायचा, असं तिनेच ठरवलं. जमेल तेवढे दिवस.

निघायच्या आधी दोघं आली होती. मी नथ तिच्यापुढे ठेवली आणि पाणबुड्यांची, शिंपल्यांची सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, हवी तर ने, नको वाटली तरी मला राग नाही. तिने हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "इथेच राहू दे आई. आली तिथूनच आहे, परत तिकडे कशाला न्यायची?" नथ पुन्हा कपाटात ठेवली. मी काही आता ती घालणार नाही. विकणारही नाही, कारण विकली तर दुसरी कुणी घालेल.

नातू रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर णमोकार म्हणतो. त्यांच्याकडे तेव्हा अजून ऊन असतं, आपल्याकडे दिवे लागलेले असतात. "आजी, तू कधी येणार?" असं परवा विचारलं त्याने. मी त्याला म्हटलं, "तूच ये. गिरनारपर्यंत मी तुला घ्यायला येते."

जय जिनेंद्र.