पॅच घेणारे हात

मे १९८५ मध्ये लॅरी वॉल या अमेरिकन प्रोग्रॅमरने एक छोटा प्रोग्रॅम युजनेट या संगणकांवरच्या चर्चाजाळ्यावर सर्वांसाठी खुला केला. त्याचं नाव ‘पॅच’. दोन वर्षांनी याच वॉल यांनी पर्ल ही भाषा काढली आणि त्यांचं नाव सर्वदूर झालं ते पर्लमुळे. पण एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकाच कोडवर मिळून काम करायचं, ही जी रीत आज जगभर रुळली आहे, तिचा पाया पॅचने घातला.

कोड वाटण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची. आयबीएमची यंत्रं वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ नावाची संघटना काढली, ती अनुभव आणि प्रोग्रॅम आपसांत वाटून घेण्यासाठीच. १९७८ पासून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून बिल जॉय युनिक्स या कार्यप्रणालीवरच्या सुधारणांच्या टेप इतरांना पाठवू लागले. अडचण होती ती उलट्या वाटेची. टेप मिळालेल्या माणसाला त्यात चार ओळींची चूक सापडली, तर दुरुस्ती मूळ लेखकापर्यंत पोचवायची कशी? बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी तयार केलेला ‘डिफ’ हा प्रोग्रॅम १९७४ पासून युनिक्ससोबत मिळत होता. दोन फायलींमधला फरक तो दाखवायचा, शिवाय एकीची दुसरी करण्यासाठी लागणाऱ्या आज्ञांची यादीही काढून द्यायचा. पण त्या आज्ञा ओळींच्या क्रमांकावर चालत. घेणाऱ्याने मधल्या काळात फायलीच्या सुरुवातीला दोन ओळी वाढवल्या असतील, तर सगळी दुरुस्ती भलत्याच जागी जाऊन बसे.

वॉल यांच्या प्रोग्रॅमने क्रमांकावरचा भरवसा सोडला आणि शेजारच्या ओळी बघायला सुरुवात केली. १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी या फरकाची जी सुटसुटीत मांडणी केली, तीच आजही चालते. जी ओळ काढायची तिच्या आधी वजाचं चिन्ह, जी घालायची तिच्या आधी अधिकचं, आणि वर-खाली तीन-तीन ओळी जशाच्या तशा. पॅच त्या न बदललेल्या ओळी फायलीत शोधतो. त्या थोड्या सरकल्या असतील तर आणखी वर, आणखी खाली बघतो. जागा सापडली की बदल बसवतो. नाहीच सापडली तर तेवढा तुकडा वेगळ्या फायलीत काढून ठेवतो. तो माणसाने हाताने बसवायचा.

यात वेळ आणि जागा वाचली हे खरंच. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रस्ताव वाचता येऊ लागला. घेणाऱ्यासमोर फक्त बदल येतो, तोही संदर्भासह, आणि होकार देण्याआधी तो प्रत्येक ओळ तपासू शकतो. ओपन सोर्सचा, म्हणजे सर्वांसाठी खुल्या कोडचा, इतिहास सहसा देणाऱ्यांच्या उदारपणाची कथा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात अडलं ते नेहमी घेणाऱ्याकडे.

अपाचेचं उदाहरण बघावं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राचा वेब सर्व्हर तेव्हा सर्वांत जास्त वापरात होता. १९९४ मध्ये त्याचे कर्ते रॉब मॅकूल केंद्र सोडून गेले आणि सर्व्हरचं काम थंडावलं. वापरणारे आपापल्या दुरुस्त्या करत होतेच, पण त्या स्वीकारायला पलीकडे कोणी उरलं नव्हतं. शेवटी ब्रायन बेलेनडॉर्फ आणि आणखी काही जणांनी आपापले पॅच एकत्र केले आणि एप्रिल १९९५ मध्ये ‘अपाचे’ या नावाने स्वतःची आवृत्ती काढली. वर्षभरात अपाचे वेबवरचा सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर झाला.

लिनक्समध्ये घेणारा होता, पण एकटा. हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कार्यप्रणालीची घोषणा केली. मार्च १९९४ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा कोड १,७६,२५० ओळींवर गेला होता. पॅच ईमेलने यायचे. टोरवाल्ड्स ते वाचायचे, पटले तर आपल्या प्रतीत घालायचे. न पटलेल्या किंवा नजरेतून सुटलेल्या पॅचला बऱ्याचदा उत्तरच नसे. पाठवणाऱ्याने काही दिवस वाट बघायची आणि पुन्हा पाठवायचा. १९९८ मध्ये प्रोग्रॅमर लॅरी मॅकव्हॉय यांनी स्पष्टच सांगितलं की काम वाढलं तसा एकट्या लिनसचा आवाका वाढू शकत नाही. जानेवारी २००२ मध्ये रॉब लँडली या प्रोग्रॅमरने सुचवलं, की हरवणारे पॅच गोळा करायला एक खास माणूस नेमावा. टोरवाल्ड्स यांनी ते मानलं नाही. आपण मोजक्या माणसांवर विश्वास ठेवतो, ती माणसं आणखी काहींवर ठेवतात, आणि काम असंच वर चढत येतं, अशी त्यांची भूमिका होती. लिनक्सची घडण आजही हीच आहे.

मग २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर खटला भरला. युनिक्सचा मालकीचा कोड लिनक्समध्ये शिरला, असा तिचा आरोप होता. कुठली ओळ कुणाकडून आली, याची सलग नोंद पहिल्या दहा वर्षांची नव्हतीच. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात मोठा बदल देणाऱ्याकडून हक्क सोपवल्याचे सही केलेले कागद घेतले जात. टोरवाल्ड्स यांनी २००४ मध्ये हलका मार्ग काढला. प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असं लिहून आपलं खरं नाव आणि ईमेल द्यायचा. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असा त्याचा अर्थ. पॅच पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्याखाली आपली ओळ जोडतो. त्यामुळे मुख्य प्रतीत पोचलेल्या पॅचखाली अनेकदा तीन-चार नावं एकाखाली एक दिसतात, आणि ती वाचली की तो कोणाकोणाच्या हातून वर आला ते कळतं.

टोरवाल्ड्स २००२ पासून कोडमधल्या बदलांची नोंद ठेवण्यासाठी मॅकव्हॉय यांच्याच कंपनीची बिटकीपर ही प्रणाली वापरत होते. एप्रिल २००५ मध्ये तिचा फुकट वापर बंद झाला. ३ एप्रिलला त्यांनी तिच्या जागी स्वतःची प्रणाली, गिट, लिहायला घेतली आणि ७ तारखेला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्याच वर्षी जुलैत त्यांनी गिटचं काम जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवलं. गिटमधल्या प्रत्येक नोंदीत दोन नावं वेगवेगळी राहतात, लिहिणाऱ्याचं एक आणि स्वीकारणाऱ्याचं एक. लिनक्सच्या रोजच्या व्यवहारातून आलेलं हे बारीक भान आहे. २००८ मध्ये गिटवर चालणारं गिटहब हे संकेतस्थळ आलं आणि बदल पुढे करणं एका बटणावर आलं. घेणाऱ्याचं वाचन मात्र तेवढंच राहिलं, उलट वाढलं.

त्याची किंमत २०२४ मध्ये दिसली. ‘एक्सझेड’ ही फायली आकसून ठेवणारी साधनं जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतात, आणि ती सांभाळणारा माणूस अनेक वर्षं एकच, तोही बिनपगारी. पॅच घ्यायला उशीर होतो म्हणून २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कोणी तरी नेटके, उपयोगी पॅच देत होतं. हळूहळू स्वीकारण्याचा अधिकारही त्याच नावाकडे गेला. फेब्रुवारी-मार्च २०२४ मधल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून, परक्या यंत्रात शिरता येईल असा चोरदरवाजा बाहेर पडला. तो सापडला तो पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला. एसएसएचने दूरच्या यंत्रावर लॉगिन करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी चिकाटीने शोध घेतला आणि २९ मार्चला सगळ्यांना सावध केलं. त्या आवृत्त्या तातडीने मागे घेतल्या गेल्या. मूळ सांभाळणाऱ्याने प्रकल्प पुन्हा आपल्या हाती घेतला, ‘जिया टॅन’चे बदल तपासायला काढले, आणि मे महिन्याच्या अखेरीस चोरदरवाजा काढलेली ५.६.२ आवृत्ती दिली.