किकरी: तारांवरच्या पोथीचं कूळ

आदिलाबाद मागे टाकून निर्मलकडे निघालं की हमरस्त्यावर नेरडीगोंडा लागतं. बाहेरून आलेल्या गाड्या इथून कुंतालाच्या धबधब्याकडे वळतात. कडम नदीचं ते पाणी बघण्यासारखंच आहे. पण या डोंगरपट्ट्यात राज गोंडांची एक पोथीही आहे. ती कागदावर नाही, किकरीच्या तारांवर आहे.

लाकूड कोरून केलेलं पोट, त्यावर मढवलेलं चामडं, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज, एवढंच हे वाद्य. ते वाजवायचा मान परधानाचा, म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधान समाजातल्या वादकाचा. तो गज ओढतो आणि गोंडीतून देवांच्या, कुळांच्या कथा गातो.

‘किकरी’ हे नाव मराठी कानाला परकं वाटू नये. आपली किंगरी तीच, आणि किंगरीची आजी बहुधा संस्कृतातली किन्नरी. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त किन्नरीचं वर्णन केलं आहे. मात्र ती वीणा भोपळ्यांची, पडद्यांची आणि छेडून वाजवायची. तेलंगणातली किन्नेरा तिच्या जवळची. ती वाजवणाऱ्या दर्शनम मोगुलय्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. किकरी गजाने वाजते. मध्य प्रदेशात मंडल्याकडचे परधान अशाच गजाच्या वाद्याला बाना म्हणतात. म्हणून मला वाटतं, नाव मैदानातून वर चढलं असावं, वाद्य डोंगरातलंच.

गोंडांना या व्युत्पत्तीची गरज नाही. त्यांचं उत्तर त्यांच्याकडे आहे. देव गुहेत कोंडले गेले, गोंडांचा आद्य धर्मगुरू पहांदी कुपार लिंगो त्यांना सोडवायला निघाला, आणि हिरासुका पाटालीर हा आदिपरधान गुहेच्या तोंडाशी वाजवू लागला. गोंदिया जिल्ह्यात सालेकशाजवळच्या कचारगडला सांगतात त्या कथेत दारावरची शिळा सरकली, देव बाहेर आले आणि हिरासुका त्याच शिळेखाली गेला. माघी पौर्णिमेला तिथे आजही यात्रा भरते. कथेतून एक ऋण उभं राहतं: देव सुटले ते वाजवणाऱ्याच्या जिवावर. म्हणून प्रत्येक गोंड कुळाचा परधान वंशपरंपरेने ठरलेला. पेरसापेन या कुळदेवाची पूजा, लग्न, मरण, सगळीकडे तो हवा, आणि त्याला धान्य, कापड, गुरं देणं हा यजमानाचा धर्म.

त्याच्या गाण्यात काय असतं? चार, पाच, सहा आणि सात देवांचे सगे, म्हणजे कुळांचे गट, कोणत्या सग्यात सोयरीक जुळते, कोणत्यात नाही, मूळपुरुष कुठून कुठे गेला. म्हणजे वंशावळ, कायदा आणि भूगोल एकाच चालीत.

आणि यात मराठी माणसाने थांबून ऐकावं असं काही आहे. आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी! चुलीपाशी मराठी, किकरीपाशी गोंडी. एका भाषेचं ज्ञान दुसऱ्या भाषेच्या घराने पिढ्यानपिढ्या जिवापाड जपलं.

1940 मध्ये याच जिल्ह्यात जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना या मुलखात पाठवलं. 1943 साली मारलवाई गावात गोंडांसाठी शिक्षक तयार करणारं केंद्र निघालं. तिथल्या गोंडी वाचनपुस्तकांची लिपी देवनागरी होती, कारण थोडंफार लिहू-वाचू शकणाऱ्या गोंडांची ओळख मराठीशीच होती. आदिलाबाद जिल्ह्यातच अधिकारी राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडीचं व्याकरण लिहिलं.

तिकडे नायजेरियात योरुबांची इफा ही दैवी कौलाची परंपराही परधानांच्या विद्येसारखीच मुखोद्गत आहे. 256 ओदू, म्हणजे अध्याय, आणि प्रत्येकाखाली कथांचे थर. इफाचा पुरोहित, बाबालावो, ते वर्षानुवर्षं घोकून पाठ करतो. याच योरुबांच्या इफे शहरात 1970 साली शिक्षणतज्ज्ञ बाबातुंडे फाफुन्वा यांनी मुलांना प्राथमिकची सहाही वर्षं योरुबातून शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. ती मुलं इतर विषयांत पुढे गेलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मारलवाई त्याच्या सत्तावीस वर्षं आधीची. पण पुढे गोंडी मागे सरली आणि मुलांवर राज्याच्या भाषा आल्या.

गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली. याचा आनंद आहे. तरी अक्षरं शाळेत पोचली म्हणजे परधान पोचला असं होत नाही. सग्यांचं गणित, देवांची वाट, कुळांचा प्रवास ही त्याची विद्या शाळेच्या उंबऱ्याबाहेरच राहिली, आणि धान्य देणारे यजमान कमी झाले तशी ती शिकणारी मुलंही कमी झाली.

आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तिथे मराठी शाळांत गोंड आणि परधान मुलं शेजारी बसतात. त्या शाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: गावात किकरी वाजवणारा म्हातारा असेल तर त्याला वर्गात बोलवा, गुरुजींच्या खुर्चीवर बसवा, आणि त्या दिवसाचं मानधन त्याच्या हातात द्या.