गवताळ तळ्यांतील बास: नवशिक्याने कोणते ल्यूर निवडावे

मॅसॅच्युसेट्समधील लहान, उथळ तळी जून सरता सरता हिरवी होतात. काठाशी कमळपाने, पाण्याखाली दाट गवत आणि काही ठिकाणी चक्क शिंगाडा. आपल्या उपवासाच्या शिंगाड्याची ही भावकी १८७०च्या दशकात केंब्रिज परिसरात आली आणि आज चार्ल्स नदीतून ती उपटून काढण्यासाठी मोहिमा चालवाव्या लागतात. अशा पाण्यात लार्जमाउथ बास हा मासा सुखाने नांदतो. लांबवर पाठलाग करण्यापेक्षा गवताच्या सावलीत दबा धरणे आणि जवळ आलेले भक्ष्य गिळणे त्याला मानवते. त्यामुळे ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, निवडताना माशाच्या आवडीनिवडीआधी ते गवतातून निसटून येईल का, हे पाहावे लागते.

दुकानात नजर खिळते ती क्रँकबेटवर: माशासारखा चकचकीत आकार आणि खाली लोंबणारे तीन टोकांचे गळ. मोकळ्या पाण्यात ते उत्तम असते. गवतात मात्र दर फेकीला पाल्याची जुडी घेऊन परतते किंवा अडकते आणि तंगूस तुटतो. पाण्यात राहिलेला तंगूस पक्ष्यांच्या पायांत गुंततो, हे नुकसान खिशाच्या नुकसानीहून मोठे.

पहिली खरेदी असावी ती सुमारे पाच इंच लांबीच्या मऊ प्लास्टिकच्या गांडुळाची. त्यासाठी मानेशी दुमडलेला ३/० किंवा ४/० मापाचा गळ घ्यावा. टोक गांडुळाच्या डोक्यात शिरवून थोड्या अंतरावर बाहेर काढावे, गळ पुढे ओढून उलटा फिरवावा आणि टोक पुन्हा अंगात लपवावे. या बांधणीला टेक्सास रिग म्हणतात. वजन लावू नये. गवतातील फटीत टाकून दोर किंचित सैल सोडला की गांडूळ डुलत, सावकाश बुडते आणि बास बहुधा याच वेळी ते उचलतो. हाताला झटका जाणवेलच असे नाही. दोर आडवा सरकू लागला की मासा लागला असे समजावे. नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी आणि गढूळ पाण्यात काळा-निळा, एवढे दोन रंग पुरेत. रंगांचा बाकी पसारा मुख्यतः गिऱ्हाइकाला गळाला लावण्यासाठी असतो.

पाने एकमेकांना भिडून पृष्ठभाग झाकला गेला, की पोकळ रबरी बेडूक हवा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असल्याने तो पानांवरून सरपटतो. फटीपाशी क्षणभर थांबवावा. पाणी उसळताच ओढण्याचा मोह होतो, पण माशाचे वजन हाताला लागेपर्यंत थांबावे. या बेडकासाठी ताठ रॉड आणि ४० ते ५० पौंडांचा विणलेला दोर लागतो. म्हणून ही दुसरी खरेदी. गवताच्या कडेने खेचायला स्पिनरबेट चालते, परंतु ते नंतर घेतले तरी बिघडत नाही.

पुढे वजन लावायची वेळ आलीच, तर ते शिशाचे नसावे. एका औंसाखालील शिशाची वजने आणि जिग राज्याच्या अंतर्गत जलाशयांत २०१२पासून निषिद्ध आहेत. ती गिळून लून हे पाणपक्षी विषबाधेने मरत असत. टंगस्टन महाग पडते, पोलादही चालते. पंधरा वर्षांपासून पुढे परवाना आवश्यक आहे, सतरापर्यंत तो विनामूल्य मिळतो. आणि ल्यूरला चिकटलेले गवत निघण्यापूर्वी काढून काठापासून दूर कोरड्या जागी टाकावे; काही जातींच्या एवढ्याशा तुकड्यातूनही दुसरे तळे भरते.