आउटबॉर्न : एका रकान्याची कहाणी

सरकारी दवाखान्यातल्या एसएनसीयूच्या, म्हणजे विशेष नवजात शिशू दक्षता कक्षाच्या, केसपेपरवर बाळाला नाव नसतं. बारसं व्हायचं असतं. त्यामुळे नोंद आईच्या नावाने होते : अमकीचं बाळ. पण त्याच कागदावर आणखी एक खूण असते आणि इतिहास लिहिणाऱ्याला ती नावापेक्षा जास्त सांगते. बाळ इनबॉर्न की आउटबॉर्न? याच रुग्णालयात जन्मलेलं, की बाहेर जन्मून इथे आणलेलं?

इनबॉर्नचा रकाना रुग्णालयाबद्दल सांगतो, आउटबॉर्नचा जिल्ह्याबद्दल. कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपण झालं, कुठे बाळ रडलं नाही, कुठून रुग्णवाहिका निघाली, सगळं त्यात येतं. पूर्व विदर्भातल्या सरकारी बालउपचारांचा इतिहास मी या रकान्यातून वाचायचा ठरवला तो याच कारणासाठी. इमारतींचे कोनशिलासमारंभ वाचून तो कळत नाही.

गोंदियात ‘गंगाबाई’ म्हटलं की रिक्षावाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. बाई गंगाबाई महिला रुग्णालय हे बाळंतिणींचं आणि नवजात बाळांचं सरकारी ठिकाण. मोठ्यांच्या आजारांना केटीएस, कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय. २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि ही दोन्ही रुग्णालयं त्याला जोडली गेली. येणारे रुग्ण मात्र जिल्ह्याच्या हद्दीला कधीच बांधलेले नव्हते. बालाघाट मध्य प्रदेशात, पलीकडे छत्तीसगड, पण गोंदिया जंक्शनला उतरणाऱ्या बाईला राज्याची सीमा ही प्रवासातली अडचण वाटत नाही.

तसाच प्रकार भंडाऱ्याचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके इकडे आले. २०११ च्या जनगणनेत नव्या जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती, म्हणजे मूळ भंडाऱ्याच्या १२,००,३३४ पेक्षा जास्त. कागदावर वाटणी झाली तरी रस्ते वाटले गेले नाहीत. मुंबई–कोलकाता महामार्ग देवरी, सडक अर्जुनी, साकोली करत भंडाऱ्याला जातो. गोंदिया शहर त्याच्या उत्तरेला, बाजूला पडतं. दक्षिणेकडच्या तालुक्यातून आजारी बाळ घेऊन निघालेल्या माणसाला जुना जिल्हा आपोआपच समोर येतो.

आता ज्या कागदाने हे रकाने पाडले त्याकडे वळू. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी स्वतंत्र कक्ष हवा, ही कल्पना २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात प्रत्यक्षात आली. २०११ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन पायऱ्या आहेत. जिथे जिथे बाळंतपण होतं तिथे नवजात शिशू कोपरा, त्यावरच्या रुग्णालयात बाळ स्थिर करण्याचा कक्ष आणि जिल्ह्याला एसएनसीयू. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवडे पुरे न झालेलं बाळ थेट वरच्या पायरीवर न्यायचं. त्याच वर्षी १ जूनला जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत झाली. आशाताई घरी येऊन बाळ तपासू लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात. या भेटींमागचं शास्त्र शेजारच्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभं राहिलं होतं.

या सूचनांमध्ये इनबॉर्न आणि आउटबॉर्न बाळांना वेगवेगळ्या दालनांत ठेवायला सांगितलं आहे. कारण जंतुसंसर्गाचं आहे. बाहेरून आलेलं बाळ कुठले जंतू घेऊन आलंय ते कळत नाही. म्हणून एकाच कक्षाच्या आत दोन खोल्या. वैद्यकीयदृष्ट्या यात चूक काढण्यासारखं काही नाही.

लोकांच्या तोंडी या सगळ्याला एकच शब्द : ‘पेटी’. ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ खरं तर बहुतेक वेळा ती पेटी नसते, वॉर्मर असतो. उघडा पाळणा, वर तापणारी कॉइल, बाळाच्या कातडीला चिकटवलेला सेन्सर. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे ते पाहता पाहता गार पडतं. वॉर्मर त्याला ऊब देतो आणि सेन्सर सांगेल तसा तापतो किंवा थांबतो. असे वॉर्मर ओळीने, दिवसरात्र, बंद खोलीत चालतात. सोबत प्राणवायू. मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक खाटेला सहा ते आठ विद्युत सॉकेट लागतात. जिल्हा रुग्णालयातल्या इतर बहुतेक वॉर्डांत इतकी वीज आणि इतका प्राणवायू एका छताखाली नसतो. हे वाक्य मी मुद्दाम भंडाऱ्याच्या आगीची हकिगत सांगण्याआधी लिहितो आहे, कारण ते त्या आगीच्या आधीही तितकंच खरं होतं.

९ जानेवारी २०२१, शनिवार. रात्री दीड ते दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या एसएनसीयूतून धूर येताना दिसला. कक्षात १७ बाळं होती. इनबॉर्न दालनातली सात वाचली. आउटबॉर्न दालनातली दहा गेली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्याच दिवशी सांगितलं : तिघं भाजून, सातजण गुदमरून.

पहिल्या दिवसाचे कागद घाईचे असतात, ते तसेच वाचावे लागतात. बाळांची वयं काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत छापली गेली. एसएनसीयू तर २८ दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी असतो. यात विसंगती दिसते, पण फार लवकर जन्मलेलं बाळ वजन भरेपर्यंत आठवडेच्या आठवडे तिथेच राहू शकतं. कारण म्हणून शॉर्टसर्किट हा शब्द सकाळीच आला. तो शब्द आपल्याकडे आग विझायच्या आधी येतो आणि फारसं काही सांगत नाही. चौकशी समिती आधी आरोग्य खात्याच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. खात्यानेच खात्याची चौकशी करायची, असा तो आदेश होता. तो लगेच बदलला, अध्यक्षपद नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे गेलं आणि मुंबई अग्निशमन दलाच्या माजी प्रमुखांनाही समितीत घेतलं गेलं. अहवालाने बोट ठेवलं ते वॉर्मरवर. ठिणगी तिथून उडाली. २१ जानेवारीला सात जणांवर कारवाई जाहीर झाली : कुणाचं निलंबन, कुणाची बदली, कंत्राटी असलेल्यांची सेवा समाप्त. फेब्रुवारीत पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तो दोन परिचारिकांवर. गुन्हा नोंदला जाणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, एवढं इथे लिहून ठेवतो.

२०११ च्या सूचना पुन्हा उघडल्या तर त्यात प्रत्येक पाळीत तीन-चार खाटांमागे एक परिचारिका, असं प्रमाण दिलेलं आहे. १७ बाळांना किमान पाच. दोन दालनं म्हणजे दोन्हीकडे सतत नजर. संसर्ग रोखणारी भिंत नजरही रोखते, आणि ते टाळायचं तर माणसं जास्त लागतात. आगीपासून संरक्षणाच्या यंत्रणेसाठी रुग्णालयाने २०२० मध्ये सुमारे दीड कोटींचा प्रस्ताव पाठवला होता आणि तो मंजूर झाला नव्हता, असा आरोप तेव्हाच्या विरोधी पक्षाने केला. आरोप राजकीय होता. तरीही जावक क्रमांक पडलेला प्रस्ताव आणि त्याला न आलेलं उत्तर, यांतूनच आपल्या सरकारी रुग्णालयांचा बराचसा इतिहास लिहिता येतो.

२०२१ मध्येच राज्यात नाशिक, विरार आणि अहमदनगरच्या रुग्णालयांत प्राणवायूच्या गळतीने किंवा आगीने माणसं गेली. फायर ऑडिट हा शब्द जिल्हा परिषदेच्या सभांपर्यंत पोचला.

शेवटी मृतांची यादी. ती वर्तमानपत्रांत छापली गेली आणि ती केसपेपरसारखीच आहे : बाळांची नावं नाहीत, आयांची आहेत. नावं इथे देत नाही, तालुके देतो. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली. आणि एक नोंद अर्जुनी मोरगावची, म्हणजे १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याची. जिल्हाभरातून गोळा झालेला आउटबॉर्नचा रकानाच जणू त्या यादीत उतरला आहे.

यादीतल्या एका नोंदीपुढे आईचं नावही नाही.