'गृहिणीमित्र' : मराठी पाकज्ञानाचे लिखित रूप

मराठी गृहिणीचे पाकज्ञान दीर्घकाळ मौखिक होते. आईच्या वा सासूच्या हाताखाली काम करताना मुलीला 'अंदाज' येई. मिठामसाल्याचे प्रमाण व चुलीचा जाळ सवयीनेच ठरे. हे ज्ञान पुस्तकातून स्त्रीपर्यंत पोहोचण्यास प्रथम वाचू शकणारी स्त्री आवश्यक होती. एकोणिसाव्या शतकात सिंथिया फॅरार यांनी अहमदनगर येथे चालविलेल्या मुलींच्या शाळांसारख्या प्रयत्नांतून हा वाचकवर्ग हळूहळू घडत गेला.

१८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या मुद्रित पाकग्रंथांत त्याची गणना होते. मात्र त्याचा कर्ता पुरुष होता. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचा 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हा ग्रंथ आला आणि या विषयावर स्त्रीने स्वतःच्या नावाने अधिकारवाणीने लिहिले. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू समाजातील असल्याने शाकाहारी पदार्थांबरोबर मांस व मासळी यांनाही त्यात स्थान मिळाले. शीर्षकातील 'मित्र' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. घरात वडीलधारी स्त्री नसली, तरी ग्रंथ सोबतीला असे.

१९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी रूढ केले. तथापि त्या वाटेचा आरंभ आधीच झाला होता. पिढ्यान्पिढ्या रांधणाऱ्या असंख्य स्त्रिया अनामिक राहिल्या. 'गृहिणीमित्र'मुळे त्यांच्या श्रमाला विद्येची प्रतिष्ठा लाभली, हेच त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.