जर, राख आणि चिठ्ठी

लखनौमध्ये गोमतीच्या उत्तरेला महानगर ही स्वातंत्र्यानंतर वाढलेली वसाहत आहे, आणि दक्षिण काठावर नबाबी काळापासून गजबजलेला चौक. महानगरातल्या लग्नघरात नवा चिकनचा कुर्ता किंवा नवा कामदानीचा दुपट्टा आजही सहज दिसतो. पण ही भरतकामाची कला ज्या चौकाच्या गल्ल्यांत वाढली, तिथला शंभर वर्षांपूर्वीचा दुपट्टा शोधू म्हटले तर क्वचितच हाती लागतो. कापड विरते, त्याला कसर लागते, हे खरे. तरी या दुपट्ट्यांच्या नाहीसे होण्याचे सगळे खापर काळावर फोडता येणार नाही. माणसांनी त्यांचे मोल ज्या मापाने केले, त्या मापाचाही त्यात मोठा वाटा आहे. जुन्या कापडाचे मोल आपल्याकडे फार काळ त्यातल्या धातूवर ठरत आले. संग्राहक मात्र कापडामागच्या नोंदीला पैसे मोजतो. पहिल्या मापाने कापड भट्टीत जाते आणि दुसऱ्या मापाने ते जपले जाते. लखनौचा आणि महाराष्ट्राचाही अनुभव हेच सांगतो.

आधी लखनौ पाहू. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून तिची केसासारखी तार ओढत. ती ठोकून चपटी केली की बादला तयार होई, आणि बादला रेशमी धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. कामदानीत, म्हणजेच मुकेशच्या कामात, बादल्याचा तुकडा मलमलीतून आरपार नेतात, दुमडतात आणि दाबून त्याचा चकाकता टिपका करतात. भरगच्च दुपट्ट्यावर असे हजारो टिपके असतात. विल्यम होई या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1880 साली लखनौच्या व्यापार-उद्योगांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शहरातल्या अशा एकेका धंद्याची माहिती आहे. या साखळीच्या शेवटी उभा असे न्यारिया, म्हणजे राखेतून आणि झाडलोटीतून सोने-चांदी वेगळे काढणारा. मराठीत त्याला झारेकरी म्हणतात. जरीचे वस्त्र जाळले की रेशमाची राख होते आणि तारेचा गुंता उरतो. तो सवागी घालून वितळवला की चांदीचा गोळा मिळतो. हा गोळा तेजाबात टाकला की चांदी विरघळते आणि मुलाम्याचे कणभर सोने तळाशी बसते. 1856 साली इंग्रजांनी अवध खालसा केले, तिथला नबाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला आणि दरबाराच्या आधारावर जगणाऱ्या घरांचे उत्पन्न आटले. अशा घरात अडीनडीला मोडता येण्याजोग्या वस्तूंत दागिन्यांच्या खालोखाल जरीचे कपडेच होते. कारागिराने महिनोन्‌महिने डोळे शिणवून केलेल्या कामाचा भाव तराजूवर शून्य होता. वजन फक्त तारेचे होई.

महाराष्ट्रात पैठणीच्या वाट्याला हेच आले. अस्सल पैठणीचा काठ आणि पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवून धागा धाग्यात अडकवतात. म्हणून पदरावरचा मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे लोंबते धागे राहत नाहीत. पेशवाईत मान असलेले हे वस्त्र पुढे घरोघरी वारशाने आले, आणि त्यातले किती तरी चांदीसाठी जाळले गेले. जुन्या कपड्यांची विल्हेवाट लावायच्या दोन वाटा प्रत्येक मराठी घराला ठाऊक होत्या. साधे लुगडे बोहारणीकडे जाई आणि त्या बदल्यात पातेले किंवा परात येई. जरीचे लुगडे जुनी जर घेणाऱ्याकडे जाई; तो काठ चिमटीत चोळून जर खरी की खोटी ते पाही आणि वजनावर पैसे देई. नक्षी कोणत्या काळातली, विणकर पैठणचा की येवल्याचा, हे विचारण्याचे त्याला कारणच नव्हते. चांदीचा भाव जितका चढे तितका असा व्यवहार मोहाचा होई. 1979 च्या सुरुवातीला जागतिक बाजारात औंसाला 6 डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी 1980 मध्ये 50 डॉलरच्या जवळ पोहोचली. असा भाव असताना जुनी पैठणी पेटीत ठेवणे हाच तोटा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

चिकनचे मात्र वेगळे आहे. त्यात धातू नाही. पांढऱ्या कापडावर पांढरा धागा. त्यामुळे चिकनला न्यारियाची भीती नव्हती, पण मोडीचा भावही नव्हता. ते फाटेपर्यंत वापरायचे आणि मग चिंधी करायची, इतकेच. तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री, बाजरीच्या दाण्यासारखा फंदा, धागा न तोडता सुईने ताणे-बाणे सरकवून पाडलेली जाळी, हे सारे त्या चिंधीबरोबर गेले. जे तुकडे उरले त्यांच्यावर नाव नाही. ठसे मारणारा छिपी वेगळा, टाके घालणारी बाई वेगळी, निळीचे ठसे धुऊन काढणारा धोबी वेगळा. एका कुर्त्यावर इतके हात फिरत आणि एकाचीही खूण राहत नसे. म्हणून अत्यंत बारीक कामाचा तुकडाही बाजारात नुसता ‘जुना चिकन’ म्हणून उभा राहतो, आणि त्याचे काय द्यायचे हे घेणाऱ्यालाही ठरवता येत नाही.

याच्या शेजारी पाश्चात्त्यांचा जुना नेकटाय ठेवून पाहावा. त्यात चांदी नाही, कापड वीतभर रुंदीचेही नाही, आणि 1940 च्या दशकातला रुंद, हाताने रंगवलेला टाय आज कचेरीत कोणी घालत नाही. तरी त्याचे संग्राहक आहेत आणि ते चांगले पैसे मोजतात. याचे कारण टायच्या पाठीमागे सापडते. तिथे दुकानाच्या किंवा कारखान्याच्या नावाची पट्टी शिवलेली असते. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने 1920 च्या दशकात तिरक्या कापाच्या तीन तुकड्यांतून टाय शिवण्याचे पेटंट घेतले, त्यामुळे शिवणीवरूनही त्याचा काळ ताडता येतो. साल्वादोर दाली या चित्रकाराने 1940 च्या दशकात टायांसाठी नक्षी काढली. त्याचे नाव असलेल्या टायला वेगळा भाव येतो, तो त्या नावामुळेच. कापड, कारागिरी आणि नक्षी यांत आपले पारडे कुठेही हलके नाही. टायवर सर्रास दिसणारी जी नक्षी जगभर ‘पेझली’ म्हणून ओळखली जाते, ती आपली कुयरीच आहे. काश्मिरी शालींवरून ती स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या मागांवर गेली आणि त्या गावाचेच नाव घेऊन जगभर पसरली. नाव लिहून ठेवणाऱ्याच्या खात्यावर कुयरी जमा झाली.

नोंदीचे बळ दाखवणारा आणखी एक पुरावा आपल्याच कापडाचा आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1866 मध्ये हिंदुस्थानी कापडाच्या 700 नमुन्यांचे 18 खंड तयार केले आणि त्यांचे 20 संच केले. त्यासाठी चांगली कापडे कापून तुकडे चिकटवले गेले, आणि हेतू होता विलायती गिरण्यांना आपल्या लोकांची आवड कळावी आणि नक्कल करता यावी हा. हा हेतू आपल्या विणकरांच्या मुळावर येणारा होता, आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. पण प्रत्येक तुकड्यासोबत गाव, लांबी-रुंदी, वजन आणि किंमत अशी माहिती लिहिली गेली. त्यामुळे ते तळहाताएवढे तुकडे आज अभ्यासकांना अमोल आहेत, आणि त्याच काळातली अखंड वस्त्रे नावगाव नसल्याने मुकी झाली आहेत.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते योग्य आहेत. पहिला असा, की संग्राहकाचा पैसा म्हणजे श्रीमंताची हौस. त्याने वस्त्रे घराबाहेर आणि देशाबाहेर जातात. ही भीती खरी आहे. म्हणूनच 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगीरीत्या परदेशी नेण्यास बंदी घातली. पण विकलेले वस्त्र पुढे कधी तरी संग्रहालयात पाहता येते. अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय 1949 पासून अशी वस्त्रे सांभाळत आहे. जळलेले वस्त्र कुठेच पाहता येत नाही. दुसरा आक्षेप, ज्या घराने अन्नासाठी पैठणी मोडली त्याला दोष कसा द्यायचा? तो देऊच नये. दोष त्या बाजाराचा, ज्याने त्या घरासमोर वजनाखेरीज दुसरा भाव ठेवला नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: संग्राहकाने मोजलेल्या पैशातला एकही रुपया टाके घालणाऱ्या बाईला मिळत नाही. थेट मिळत नाही, हे मान्य. पण भौगोलिक मानांकन मागताना त्या मालाचा त्या गावाशी असलेला जुना संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. लखनौच्या चिकनला ते 2008 मध्ये मिळाले आणि पैठणीला 2010 मध्ये. यंत्राच्या नकली मालाविरुद्ध कारागिराच्या हाती असलेले हे एक कायदेशीर शस्त्र आहे, आणि ते जुन्या वस्त्रांच्या आणि नोंदींच्या आधारावर उभे आहे. हरवलेला टाका पुन्हा शिकवायचा तरी समोर जुना नमुना लागतोच.

तेव्हा घरात आजीची पैठणी, शालू किंवा उत्तरेतून आलेला चिकनचा कुर्ता असेल, तर तो विकायचा की ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र त्याआधी एका कागदावर लिहावे: कोणाचे वस्त्र, कोणत्या साली, कोणत्या गावच्या कोणत्या दुकानातून घेतले, किती रुपयांना, कोणत्या कार्यात वापरले. विणकराचे किंवा कारागिराचे नाव आठवत असेल तर ते सर्वांत वर लिहावे. ती चिठ्ठी वस्त्रासोबत धुतलेल्या मलमलीत ठेवावी, आणि वर्षातून एकदा वस्त्राच्या घड्या बदलाव्यात. वस्त्र विकले तर चिठ्ठीही त्यासोबत द्यावी. हे सारे सांगू शकणारी वडीलधारी माणसे अजून घरात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्यावे.