पैज, पंगत आणि वऱ्हाडी आकडा

वऱ्हाडात खाण्याच्या पैजेचा आकडा कधी एका जागी राहत नाही. अमरावतीच्या पंगतीत कोणी तीस जिलेब्या खाल्ल्या, तर बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत त्या पन्नास होतात, मूर्तिजापुरात ऐंशी, आणि अकोल्याच्या फलाटावर "अख्खी परातच रिकामी केली ना बावा!" ही बातमी मूर्तिजापुरात शकुंतलेत बसली तर विचारूच नका. ती गाडी यवतमाळला पोहोचेपर्यंत जिलेब्यांमागून आचारीही पोटात जायचा.

या थापांचा मूळ पुरुष भीम. बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न त्याने स्वतःच फस्त केले. कीचकाला मारून त्याने दरीत फेकले ते आपल्या चिखलदऱ्याला, आणि नंतर हात धुतले ते भीमकुंडात, ही लोककथा शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी ऐकली आहे. जो जास्त खातो तोच ताकदवान, हा हिशेब तेव्हापासूनचा.

पण हा विनोद भुकेच्या शेजारी वाढला. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले. काळ्या जमिनीत कापूस होता, पण कापूस काही चुलीवर शिजत नाही. 1972 च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना सुकडी मिळे आणि रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी घराघरांत थापल्या जात. ज्याचे पोट रोज भरते, तो दुसऱ्याचे रोडगे मोजत बसत नाही. वर्षातून एखाद्याच पंगतीत "अजून एक घ्या" ऐकायला मिळे, तोच मोजायचा, आणि घरी जाऊन वाढवून सांगायचा. पंचवीस रोडगे आणि बादलीभर वरण हे त्याचे स्वप्न होते.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर दर 4 जुलैला हॉट डॉग खाण्याची स्पर्धा भरते. 2021 मध्ये जोई चेस्टनटने दहा मिनिटांत 76 खाल्ले. तिथे घड्याळ असते, पंच असतात, त्यामुळे 76 चे 77 होत नाहीत. आपल्याकडे पंच म्हणजे वाढपी, आणि तो यजमानाच्या बाजूचा. पाहुणा जितका जेवला, तितकी घराची इज्जत मोठी.

तेव्हा दोस्तहो, संमेलनाच्या पंगतीत रोडगे आणि वांग्याची भाजी आहेच. गुरुजनांना आधी वाढा. आकडा हवा तितका फुगवा, फक्त पानात काही टाकू नका.